एका कागदावर अनेक पृष्ठे: अक्षर न हरवता छपाई कशी करावी

‘एका पानावर चार घ्या आणि बॅक टू बॅक काढा,’ असे सांगणारा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात हमखास भेटतो. तासाभराने तोच विद्यार्थी अभ्यासिकेत कागद डोळ्यांजवळ धरून समोरचा शब्द ‘खत’ आहे की ‘खंत’, याचा अंदाज बांधत बसलेला असतो. एका कागदावर किती पृष्ठे बसतात, हे यंत्राला विचारले तर ते सोळा असे सांगेल. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र विचारायचा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे अनुस्वार दिसतो की नाही. या लेखातील सगळ्या सूचना त्याच प्रश्नाभोवती आहेत.

सुरुवातीला एक खुलासा केलेला बरा. बोलताना आपण कागदालाही ‘पान’ म्हणतो आणि त्यावरच्या मजकुरालाही ‘पान’च म्हणतो, आणि दुकानातले निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. या लेखात ‘पृष्ठ’ म्हणजे मूळ फाइलमधील एक पान, ‘कागद’ म्हणजे यंत्रात घातलेला ए४ आकाराचा कागद, आणि ‘बाजू’ म्हणजे त्या कागदाचे एक अंग.

आधी थोडे गणित

ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. ही मोजमापे वरवर विचित्र वाटली तरी त्यामागे एक सुंदर युक्ती आहे. उंची आणि रुंदी यांचे गुणोत्तर दोनच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे १.४१४ ठेवल्यामुळे कागद मधोमध कापला, तरी अर्ध्या तुकड्याचे गुणोत्तर तेच राहते. जर्मनीत १९२२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. आपल्या दृष्टीने तिचा फायदा असा, की आडव्या धरलेल्या एका ए४ कागदावर शेजारी शेजारी दोन ए४ पृष्ठे ठेवली, तर ती जवळपास ७१ टक्के आकाराने नेमकी बसतात आणि कुठेही जागा वाया जात नाही. चार पृष्ठे ५० टक्क्यांनी, आठ पृष्ठे ३५ टक्क्यांनी आणि सोळा पृष्ठे २५ टक्क्यांनी बसतात.

सहा पृष्ठांचा पर्याय मात्र फसवा आहे. आडव्या ए४ कागदाचे तीन उभे स्तंभ आणि दोन ओळी पाडल्या, की प्रत्येक पृष्ठाला ९९ बाय १०५ मिलिमीटरची जवळपास चौकोनी जागा मिळते. उभे पृष्ठ त्या चौकोनात उंचीने अडते आणि ३५ टक्क्यांवर येऊन थांबते. आठ पृष्ठे घेतली असती तरी अक्षर तेवढेच राहिले असते. म्हणून उभ्या पृष्ठांसाठी सहाचा पर्याय निवडण्यात काहीच अर्थ नाही. तो आडव्या स्लाइडसाठी ठेवावा.

आता याचा अक्षरावर काय परिणाम होतो ते पाहू. मूळ मजकूर १२ पॉइंटचा असेल, तर दोन पृष्ठांच्या छपाईत तो साडेआठ पॉइंटचा होतो, चारच्या छपाईत ६ पॉइंटचा आणि आठच्या छपाईत सव्वाचार पॉइंटचा. प्रिंटर कागदाच्या कडेला काही मिलिमीटर जागा सोडतोच, त्यामुळे प्रत्यक्षात आकार याहून किंचित कमी भरतो. सहा पॉइंटचा रोमन मजकूर तरुण डोळ्यांना कसाबसा वाचता येतो. देवनागरीचे तसे नाही. सहा पॉइंट म्हणजे सुमारे २.१ मिलिमीटर, आणि तेवढ्या उंचीत वरची वेलांटी किंवा रफार, शिरोरेषा, मूळ अक्षर आणि खालचा उकार अशी सगळी मंडळी दाटीवाटीने बसवायची असतात. सगळ्यात आधी बळी जातो तो अनुस्वाराचा, मग रफाराचा, आणि त्यानंतर ‘द्ध’, ‘द्व’, ‘द्य’ ही जोडाक्षरे एकमेकांसारखी दिसू लागतात. आकड्यांमध्ये १ आणि ९ यांची गफलत होते, आणि ती अधिक महागात पडते, कारण शब्द संदर्भाने ओळखता येतो पण कलमाचा क्रमांक किंवा सनावळी संदर्भाने ओळखता येत नाही.

माझ्या मते मराठी मजकुरासाठी छापील आकाराची खालची मर्यादा ८ पॉइंट धरावी. वडीलधाऱ्यांनी वाचायचे असेल तर १०. मूळ मजकूर १२ पॉइंटचा असेल तर दोनवर थांबावे; तो १६ पॉइंटचा असेल तरच चारचा विचार करावा.

कागद वाचवण्याच्या मोहाला उत्तर म्हणून आणखी एक हिशेब मांडतो. ९६ पृष्ठांच्या नोट्स साध्या, एका बाजूला छापल्या तर ९६ कागद लागतात. पाठपोट छापल्या तर ४८, एका बाजूवर दोन पृष्ठे घेऊन पाठपोट छापल्या तर २४, आणि चार घेतल्या तर १२. पहिल्या पायरीला ४८ कागद वाचले, दुसरीला २४ वाचले आणि तिसरीला फक्त १२. त्या बारा कागदांसाठी डोळ्यांना शिक्षा देणे मला कधीच पटलेले नाही. दुकानात छपाई करून घ्यायची असेल तर दर बहुधा बाजूमागे असतो, हेही लक्षात ठेवावे. अशा ठिकाणी पाठपोट केल्याने कागद आणि वजन घटते, पण बिल खऱ्या अर्थाने कमी होते ते एका बाजूवर दोन पृष्ठे घेतल्याने.

छापण्यापूर्वी फाइलची तयारी

बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि खरा फायदा हिच्यातच आहे. नेहमीच्या वर्ड फाइलमध्ये चारी बाजूंना २.५४ सेंटिमीटर समास असतो. पृष्ठ लहान केले की मजकुराबरोबर हा कोरा समासही लहान होऊन कागदावर जागा अडवून बसतो. समास कापून मजकुराभोवती जेमतेम ५ मिलिमीटर जागा ठेवली, तर दोन पृष्ठांच्या छपाईत मजकूर ६७-६८ टक्क्यांऐवजी साधारण ७८ टक्क्यांनी बसू शकतो. म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर ८ ऐवजी सव्वानऊ पॉइंटच्या आसपास राहते. अनुस्वाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

फाइल आपलीच असेल तर याहूनही सोपा मार्ग आहे. वर्डमध्ये ‘लेआउट’ या पट्टीत जाऊन कागदाचा आकार ए५ करावा, समास १.२७ सेंटिमीटर ठेवावेत आणि अक्षर ११ पॉइंटचे करावे. अशी दोन ए५ पृष्ठे एका ए४ कागदावर जवळपास पूर्ण आकारात बसतात, त्यामुळे पडद्यावर जे अक्षर दिसते तेच कागदावर मिळते. लहान करून मग पश्चात्ताप करण्यापेक्षा मुळातच योग्य मापाचे पृष्ठ बांधणे केव्हाही चांगले.

फाइल पीडीएफ स्वरूपात मिळालेली असेल तर समास कापण्यासाठी वेगळे साधन लागते, कारण अ‍ॅक्रोबॅटच्या मोफत रीडरमध्ये ती सोय नाही. मॅकवर ‘प्रिव्ह्यू’मध्ये डाव्या पट्टीतील सगळी पृष्ठे निवडून, मजकुराभोवती चौकट आखून ‘क्रॉप’ करता येते. विंडोज आणि लिनक्सवर ‘ब्रिस’ हा मोफत प्रोग्राम हेच काम करतो. तो सगळी पृष्ठे एकावर एक ठेवून दाखवतो, त्यामुळे एखाद्या पृष्ठाचा तळटिपेचा भाग चुकून कापला जात नाही. कापताना पृष्ठ क्रमांक मात्र आत राहू द्यावा. सुटे कागद पंख्याच्या वाऱ्याने उडाले की त्याची किंमत कळते.

मराठी फाइल दुसऱ्याच्या संगणकावरून छापायची असेल तर ती वर्डमध्ये कधीही नेऊ नये. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते, आणि युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाणित पद्धतीने टाइप केलेल्या मजकुरातही फॉन्ट बदलला की ओळी पुढेमागे सरकतात. आधी पीडीएफ करून घेतली की फॉन्ट सहसा फाइलमध्येच बांधला जातो. तरीही छापताना जोडाक्षरे तुटत असतील, तर अ‍ॅक्रोबॅटच्या छपाईच्या खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ बटण दाबून ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ हा पर्याय निवडावा. छपाई थोडी हळू होते, पण पडद्यावर दिसते तसेच अक्षर उमटते.

प्रत्यक्ष छपाई: कोणत्या प्रोग्राममध्ये काय करावे

अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडून कंट्रोल आणि पी ही बटणे एकत्र दाबावीत. ‘पेज सायझिंग अँड हँडलिंग’ या भागात ‘मल्टिपल’ निवडले की ‘पेजेस पर शीट’ विचारले जाते. तिथे २ निवडावे. ‘कस्टम’ निवडल्यास आडवी आणि उभी संख्या आपण ठरवू शकतो. त्याखालच्या ‘पेज ऑर्डर’मध्ये ‘हॉरिझॉन्टल’ ठेवले की पृष्ठे डावीकडून उजवीकडे ओळीने लागतात आणि ‘व्हर्टिकल’ ठेवले की वरून खाली. चार पृष्ठे घेताना या निवडीने बराच फरक पडतो, कारण वाचणाऱ्याची नजर एक संपवून कुठे जाणार, हे तीच ठरवते. ‘प्रिंट पेज बॉर्डर’ची खूण केली की प्रत्येक पृष्ठाभोवती बारीक चौकट येते. समास कापलेल्या पृष्ठांना ही चौकट आवश्यकच समजावी, नाहीतर दोन पृष्ठांच्या ओळी एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात.

क्रोममध्ये छपाईच्या खिडकीत ‘मोअर सेटिंग्ज’ उघडले की ‘पेजेस पर शीट’ सापडते. तिथे १, २, ४, ६, ९ आणि १६ एवढे पर्याय आहेत. संकेतस्थळावरून उतरवलेला एखादा शासन निर्णय झटपट छापायला हे पुरेसे आहे. मॅकवर हीच सोय ‘लेआउट’ या भागात असते आणि चौकटीची जाडीही निवडता येते.

वर्डमध्ये ‘फाइल’ आणि मग ‘प्रिंट’ केल्यावर सर्वांत खालच्या यादीत ‘वन पेज पर शीट’ असे लिहिलेले दिसते, ते बदलावे. इथे गोंधळ असा होतो, की उजवीकडचे पूर्वदृश्य बदलत नाही. दोन पृष्ठे निवडली तरी तिथे एकच दिसत राहते आणि माणूस समजतो की निवड झालीच नाही. मग तो प्रिंटरच्या स्वतःच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन तिथेही दोन निवडतो. परिणामी दोनाचे चार होतात, आणि कागदावर मुंगीएवढी अक्षरे उमटतात. नियम एवढाच पाळावा, की पृष्ठसंख्या प्रोग्राममध्ये तरी निवडावी किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तरी, दोन्ही ठिकाणी कधीही नाही.

पॉवरपॉइंटच्या स्लाइड छापताना ‘फुल पेज स्लाइड्स’च्या जागी ‘हँडआउट्स’ निवडावे. तीन स्लाइडच्या मांडणीत शेजारी टिपणासाठी रेघा येतात, ही सोय व्याख्यानाला बसणाऱ्यांसाठी उत्तम आहे. गडद पार्श्वभूमीच्या स्लाइड असतील तर रंगाच्या यादीत ‘प्युअर ब्लॅक अँड व्हाइट’ निवडल्याशिवाय छापू नये, कारण टोनर तर संपतोच, शिवाय पाठपोट छपाईत मागची बाजू काळवंडलेली दिसते.

पाठपोट छपाई आणि कोणती कड उलटायची

छपाईच्या खिडकीत ‘फ्लिप ऑन लाँग एज’ आणि ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ असे दोन पर्याय असतात, आणि बहुतेक वेळा माणूस अंदाजानेच त्यांतला एक निवडतो. अंदाज करण्याची गरज नाही. हातात एक कोरा कागद घ्यावा आणि छापल्यावर तो वाचताना जसा धरणार तसा धरावा. आता पुस्तकाचे पान उलटतो तसा तो डावीकडच्या कडेभोवती उलटावा, आणि ती कड लांब आहे की आखूड, ते पाहावे. एक किंवा चार पृष्ठे घेतली असतील तर कागद उभा असतो आणि डावी कड लांब असते, म्हणून ‘लाँग एज’. दोन पृष्ठे घेतली असतील तर कागद आडवा असतो आणि डावी कड आखूड असते, म्हणून ‘शॉर्ट एज’. आडवा कागद भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे वरून बांधायचा असेल तर मात्र पुन्हा ‘लाँग एज’.

हे मी इतक्या खात्रीने सांगू शकतो, कारण काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी आरत्यांची पुस्तिका छापताना मी हीच चूक केली होती. चार कागदांची एक पुस्तिका, अशा पंचवीस प्रती, म्हणजे शंभर कागद. प्रत्येक कागदाची मागची बाजू उलटी. दुकानदाराने छापण्यापूर्वी ‘एक काढून बघू का?’ असे विचारले होते, आणि घाईत असल्यामुळे मीच ‘नको’ म्हणालो होतो. तेव्हापासून पहिला एक कागद छापून, उलटून, वाचून बघितल्याशिवाय मी पुढचा हुकूम देत नाही.

घरचा प्रिंटर आपोआप पाठपोट छापणारा नसेल तर आणखी एक सापळा असतो. आधी विषम आणि मग सम पृष्ठे छापण्याची युक्ती बहुतेकांना ठाऊक असते, पण एका बाजूवर दोन पृष्ठे घेताना ती जशीच्या तशी लागू पडत नाही. अ‍ॅक्रोबॅटमध्ये ‘ऑड पेजेस ओन्ली’ निवडले, की मूळ फाइलमधील विषम पृष्ठे आधी वेगळी होतात, आणि पहिल्या बाजूवर १ व २ ऐवजी १ व ३ शेजारी येऊन बसतात. यावर उपाय दोन टप्प्यांत करावा. प्रथम प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून, दोन पृष्ठांच्या मांडणीची नवीन पीडीएफ तयार करून घ्यावी. मग ही नवीन फाइल उघडून ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ ठेवून तिची आधी विषम आणि नंतर सम पृष्ठे छापावीत. नव्या फाइलमधले एक पृष्ठ म्हणजे कागदाची एक बाजू असल्यामुळे आता हिशेब चुकत नाही. दुकानात न्यायलाही हीच तयार फाइल सर्वांत सुरक्षित, कारण तिथे कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

कागद पुन्हा ट्रेमध्ये कसा घालायचा, हे प्रत्येक यंत्रात वेगळे असते. एका कोऱ्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने फुली करावी, फुलीची बाजू वर ठेवून तो ट्रेमध्ये घालावा आणि एक बाजू छापावी. मजकूर फुलीच्या बाजूला उमटला की मागे, आणि फुलीचे टोक आधी बाहेर आले की नंतर, एवढे टिपून ठेवले की पुढे कायमची सोय होते. लेझर प्रिंटरमधून निघालेले कागद गरम आणि किंचित वळलेले असतात; ते पाच-दहा मिनिटे वजनाखाली ठेवून मगच दुसऱ्या बाजूसाठी घालावेत, म्हणजे अडकत नाहीत. कागद ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) असेल तर मागचे अक्षर पुढे डोकावते, त्यामुळे बारीक अक्षराच्या पाठपोट छपाईसाठी ७५ किंवा ८० जीएसएमचा घ्यावा.

घडीची पुस्तिका

एका बाजूवर दोन पृष्ठे घेण्याचा सर्वांत देखणा प्रकार म्हणजे मधोमध दुमडून पिन मारलेली पुस्तिका. छापखान्यात एका तावावर आठ आणि पाठीमागे आठ पृष्ठे मांडून सोळा पृष्ठांचा फॉर्म जुळवतात, त्याचेच हे घरगुती रूप आहे. इथे पृष्ठे क्रमाने लागत नाहीत. सोळा पृष्ठांच्या पुस्तिकेत सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, तर मागे २ आणि १५ येतात. त्याच्या आतल्या कागदावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. मग १२ आणि ५, मागे ६ आणि ११. आणि सर्वांत आत १० आणि ७, मागे ८ आणि ९. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज प्रत्येक ठिकाणी १७ येते, म्हणजे एकूण पृष्ठांपेक्षा एक जास्त. जुळणी बरोबर झाली का, हे तपासायला एवढी बेरीज पुरते.

ही मांडणी हाताने करण्याची आता गरज नाही. अ‍ॅक्रोबॅटमध्ये ‘मल्टिपल’च्या शेजारी ‘बुकलेट’ हा पर्याय आहे. तो निवडून ‘बोथ साइड्स’ आणि ‘बाइंडिंग’ला ‘लेफ्ट’ ठेवावे, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आखूड कडेने उलटण्याची निवड करावी. आपोआप पाठपोट न छापणाऱ्या यंत्रावर आधी ‘फ्रंट साइड ओन्ली’ आणि मग ‘बॅक साइड ओन्ली’ छापता येते. पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. १८ पृष्ठे असतील तर प्रोग्राम शेवटी दोन कोरी पृष्ठे जोडतो आणि मलपृष्ठ कोरे राहते. त्यापेक्षा एक कोरे पृष्ठ मुखपृष्ठाच्या आत आणि दुसरे मलपृष्ठाच्या आत येईल, अशी ती आधीच फाइलमध्ये घालून ठेवावीत.

छापून झाल्यावर सगळे कागद एकत्र ठोकून सारखे करावेत आणि एकेक न दुमडता एकदमच दुमडावेत. घडीवरून पट्टीची कड किंवा पेनाचे टोपण दाबून फिरवले की ती पक्की बसते. नेहमीचा स्टेपलर घडीपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी लांब दांडीचा स्टेपलर लागतो, किंवा मग पुस्तिका जाड वहीच्या पुठ्ठ्यावर पालथी उघडून ठेवावी, नेहमीचा स्टेपलर पूर्ण उघडून घडीवर वरून दोन पिना माराव्यात आणि आतल्या बाजूने त्यांची टोके चमच्याच्या पाठीने दुमडावीत. कागद दहापेक्षा जास्त असतील तर आतले कागद बाहेरच्यांपेक्षा पुढे सरकून उघडी कड तिरपी दिसते. स्टीलची पट्टी ठेवून धारदार कटरने दोन-तीन मिलिमीटर कापली की ती सरळ होते. फक्त पृष्ठ क्रमांक त्या कडेला चिकटून ठेवलेले नसावेत.